परिप्रश्नाचा पाठ

अहमदनगरच्या कलेक्टरांच्या कचेरीत चिटणिशी करून पुढे डेप्युटी कलेक्टरीपर्यंत चढलेले नारायण गोविंद चांदोरकर, म्हणजे साईभक्तांचे नानासाहेब, ज्या चाकरीत होते तिचे स्वरूपच मुळी दुसऱ्याकडून हिशेब मागण्याचे होते. फिरतीवर जावे, गावचे दफ्तर उलगडावे, वसुलाच्या खात्यातील एखाद्या रकमेवर बोट ठेवून ‘ही कशाची?’ असे कुलकर्ण्याला विचारावे, आणि समाधानकारक उत्तर येईपर्यंत ते बोट तेथून उचलू नये, हा त्या काळच्या मुलकी अधिकाऱ्याचा नित्यक्रम. अशा या अधिकाऱ्याकडूनच शिर्डीच्या जुन्या मशिदीत बसलेल्या एका फकिराने एके दिवशी हिशेब मागितला, आणि तोही पैशांचा वा जमिनीचा नव्हे, तर त्यांना मुखोद्गत असलेल्या एका श्लोकातील शब्दांचा.

हा प्रसंग साईसच्चरिताच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात सविस्तर आला आहे. नानासाहेब त्या फकिराचे, म्हणजे साईबाबांचे, पाय चेपता चेपता ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. काय म्हणतोस, म्हणून पृच्छा झाली, तेव्हा तो गीतेच्या चौथ्या अध्यायातील चौतिसावा श्लोक निघाला, आणि अर्थ समजतो का, या प्रश्नाला त्या भाष्यासह गीता वाचलेल्या पदवीधराने अर्थातच होकार दिला. मग एकेका पदाची झडती सुरू झाली. प्रणिपात म्हणजे नमस्कार, हे ठीक. पण नुसते दंडवत घातले की पुरे होते काय? परिप्रश्न म्हणजे प्रश्न विचारणे. पण प्रश्न म्हणजेही तेच असेल, तर व्यासांनी ‘परि’ हा उपसर्ग कशासाठी खर्च केला? सेवा म्हणजे ही पाय चेपण्याचीच, की आणखी काही? कृष्ण स्वतः ज्ञानी असताना अर्जुनाला त्याने दुसऱ्या तत्त्वदर्शी पुरुषांकडे का धाडावे? आणि शेवटी सर्वांत अवघड प्रश्न आला तो ‘ज्ञान’ या पदाविषयी. ‘ते’ या शब्दापुढे ‘अज्ञान’ आले तर संधिनियमाने आद्य अकाराचा लोप होऊन कानाला ‘ज्ञान’च ऐकू येते, तेव्हा गुरू ज्ञान देतो असे म्हणावे, की शिष्याचे अज्ञान त्याला उलगडून दाखवतो असे म्हणावे? या पदच्छेदावर पुढे विद्वानांनी आक्षेप घेतले, त्यांचा परामर्शही त्याच ग्रंथात पन्नासाव्या अध्यायात घेतला गेला, आणि व्याकरणाच्या दृष्टीने कोणता पक्ष बळकट हे ठरवणे हे या लेखाचे काम नव्हे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट इतकीच, की नानासाहेबांना त्या दिवशी नवी माहिती अशी जवळजवळ काहीच मिळाली नाही. जे शब्द आपल्या मालकीचे आहेत असे ते समजत होते त्यांच्यावर आपला कब्जा नुसता कागदोपत्री आहे, एवढेच त्यांना दिसून आले.

तत्त्वज्ञान संवादातून शिकवावे असे जे जगातील अनेक विद्यापीठांत आग्रहाने म्हटले जाते त्याचा गाभा या एका प्रसंगात सापडतो. इतिहास, भूगोल किंवा रसायन शिकवणारा अध्यापक विद्यार्थ्याला त्याच्याजवळ नसलेले काही आणून देतो; तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाची अडचण अशी, की न्याय, सत्य, स्वातंत्र्य, मन, कारण हे त्याच्या विषयातील सर्व मुख्य शब्द विद्यार्थी वर्गात शिरण्यापूर्वीच वापरीत असतो, आणि आपल्याला ते समजतात अशी त्याची खात्रीही असते. या खात्रीला हात लावल्याविना वरून कितीही मते ओतली तरी ती भरलेल्या घागरीवरून वाहून जातात. आणि खात्रीला हात लावायचा तर तो व्याख्यानाने लागत नाही, प्रश्नानेच लागतो.

ही रीत ज्या गोदावरीच्या काठाने शिर्डीचा परिसर वसला आहे त्या काठाला काही नवी नाही. याच जिल्ह्यातील नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, सांगितली गेलेली ज्ञानेश्वरी हा तर संवादात गुंफलेला संवाद आहे: संजय धृतराष्ट्राला सांगतो ते कृष्णार्जुनाचे संभाषण, आणि ते सांगता सांगता ज्ञानेश्वर निवृत्तिनाथांशी व समोरच्या श्रोत्यांशी बोलत राहतात, त्यांची मनधरणी करतात, त्यांच्या मनातील शंका आपण होऊन उच्चारतात. त्याच्याही आधी, याच गोदाकाठचे सराल्याचे म्हाइंभट, विद्येचा ताठा मिरवणारे शास्त्री, चक्रधरस्वामींशी वाद घालण्यास गेले आणि शिष्य होऊन परतले; पुढे ज्याने-त्याने स्वामींच्या मुखातून काय ऐकले हे माणसामाणसाला विचारून त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले. त्या ग्रंथातील शिष्या महदाइसेला उत्तर मिळूनही राहवत नाही, तिचा पुढचा प्रश्न तयारच असतो. मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ अशा प्रश्नोत्तरांनी भरलेला असावा, ही आपल्या भाषेला लाभलेली केवढी मोठी पुण्याई!

त्याहून मागे गेले तर छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतू भेटतो. बारा वर्षे गुरुगृही राहून, वयाच्या चोविसाव्या वर्षी सर्व वेद पढून, तो मोठ्या दिमाखात घरी येतो. आणि त्याचे वडील उद्दालक आरुणी त्याला प्रवचन न देता एक प्रश्न विचारतात, मग वडाचे फळ फोडावयास लावतात, पाण्यात मीठ टाकावयास लावतात, आणि काय दिसते, काय चवीला लागते, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतात. ग्रीस देशात प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका अशिक्षित दास-मुलाला वाळूतली चौरसाची आकृती दाखवून असाच वागतो. दोन फूट बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ चार. तर त्याच्या दुप्पट, म्हणजे आठ, क्षेत्रफळाचा चौरस कसा काढावा? मुलगा बेधडक म्हणतो, बाजू दुप्पट करावी. पण चार फूट बाजूचे क्षेत्रफळ सोळा भरते. मग तीन फूट म्हणावे, तर नऊ होतात. येथे मुलगा अडतो, आपल्याला ठाऊक नाही असे कबूल करतो, आणि सॉक्रेटिसाच्या मते त्याच क्षणी त्याची प्रगती झालेली असते. कारण कर्णावर चौरस उभारावा, हे उत्तर पाहण्याची भूक त्याला आता लागलेली असते. चिटणीस, ऋषिपुत्र आणि दास, तिघांचीही अवस्था एका ठिकाणी येऊन सारखीच होते: जे येते असे वाटत होते ते येत नाही.

या परंपरेच्या पार्श्वभूमीवर आमच्या महाविद्यालयांतील तत्त्वज्ञानाचा वर्ग पाहिला म्हणजे मन खट्टू होते. तास भरतो, अध्यापक मुद्दे उतरवून देतात, वह्या भरतात, आणि मार्च-एप्रिलात ‘देकार्तची संशयपद्धती विशद करा’ या प्रश्नाचे उत्तर पाच ठळक मथळ्यांखाली लिहून जो विद्यार्थी उत्तम गुण मिळवतो त्याने त्या वर्षभरात कशाचाच संशय घेतलेला नसतो, हातातल्या गाइडाचासुद्धा नाही. दोष अध्यापकाचा म्हणावा तर तोही पूर्णांशाने खरा नाही. नेमलेला अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत संपवणे, हजेरीपट भरणे आणि परीक्षेचे गाडे ओढणे या तिहेरी चाकरीत संवादाला लागणारी निवांतपणाची बैठक त्याला कोणी मंजूर करून दिलेली नसते.

जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लेओनार्ड नेल्सन या तत्त्वज्ञाने १९२२ मध्ये सॉक्रेटिसाच्या पद्धतीवर जे व्याख्यान दिले त्यात हेच दुखणे नेमके हेरलेले होते. शिकवावयाचे ते तत्त्वज्ञान नव्हे तर तत्त्वचिंतन, असे त्याचे म्हणणे. आणि म्हणून अध्यापकाने स्वतःचे मत वर्गात मुळी उघडच करू नये, विद्यार्थ्यांना त्यांच्या अनुभवातील एखाद्या साध्या घटनेपासून निघू द्यावे आणि त्या घटनेवर आपण दिलेल्या निवाड्यामागे कोणते तत्त्व गृहीत धरले होते ते त्यांचे त्यांना शोधू द्यावे, असा त्याने परिपाठ घालून दिला. त्याचा शिष्य गुस्टाव्ह हेकमन याने पुढे त्यात भर घातली, ती ही की समोरच्याचे म्हणणे आपल्याला नीट कळले आहे की नाही याची खात्री करून घ्यावी, आणि चर्चा रुळावरून घसरली तर थोडे थांबून, आपण कसे बोलत आहोत यावरच सर्वांनी बोलावे.

हे ऐकताना कोणाला वाटेल, की ही थोरामोठ्या तत्त्वज्ञांची कामे, राहात्याच्या किंवा कोपरगावच्या मुलांना ती कशी जमावीत? तर शिर्डीतल्याच एका शब्दापासून निघून पाहू. श्रद्धा आणि सबुरी ही जोडी तेथील प्रत्येक दुकानाच्या पाटीवर लिहिलेली आहे. समजा, अध्यापकाने वर्गात विचारले, ‘सबुरी म्हणजे काय?’

‘वाट पाहणे,’ असे उत्तर येईल.

‘कोपरगावच्या स्थानकावर एक गृहस्थ तासभर गाडीची वाट पाहतो आहे, आणि सारा वेळ वाहतूक नियंत्रकाच्या नावाने बोटे मोडतो आहे. त्याच्याजवळ सबुरी आहे का?’

‘नाही. न चिडता वाट पाहणे म्हणजे सबुरी.’

‘ठीक. एक चोर घरातली माणसे झोपण्याची वाट पाहत परसात बसला आहे. तो चिडत नाही, उतावीळ होत नाही, मध्यरात्रीपर्यंत शांत बसून राहतो. ही सबुरी का?’

येथे वर्गात दोन तट पडतील. काही म्हणतील, हीही सबुरीच, फक्त तिचा उपयोग वाईट. काही म्हणतील, हेतू चांगला असल्याविना तिला सबुरी म्हणता येणार नाही. पहिल्या तटाला विचारावे, की मग सबुरी हा सद्गुण कसा, ते नुसते पोहण्यासारखे कसब झाले. दुसऱ्याला विचारावे, की हेतूचा चांगुलपणा कोणी ठरवायचा, आणि ज्याला आपला हेतू चांगला वाटतो पण तो तसा नसतो त्याच्या सबुरीला काय म्हणायचे. एवढ्यात मागल्या बाकावरची एखादी मुलगी म्हणेल, की आमच्या शेजारच्या आजी मुलाचे पत्र येईल म्हणून वाट पाहत होत्या, आता त्यांनी आशाच सोडली आहे आणि त्या शांत झाल्या आहेत. पण ती सबुरी नव्हे, ते थकणे आहे. आणि मग कोणाच्या तरी ध्यानात येईल, की पाटीवर सबुरीच्या आधी श्रद्धा का लिहिली आहे. तास संपेल तेव्हा फळ्यावर व्याख्या नसेल. पण लहानपणापासून रोज दिसणारी ती पाटी त्या मुलांनी त्या दिवशी प्रथम वाचली, असे म्हणण्यास हरकत नाही.

या तासात अध्यापकाने काय केले ते पाहावे. त्याने मत दिले नाही, पण तो स्वस्थही बसला नाही. प्रत्येक उत्तर त्याने खरे मानून पुढे नेले आणि ते कोठे मोडते हे उदाहरणाने दाखवले. गृहस्थ, चोर आणि आजी ही उदाहरणे ऐन वेळी सुचण्यासाठी त्याला त्या प्रश्नाची सारी वळणे आधीच चालून ठेवावी लागतात. संवादाचा तास हा तयारी न केलेल्या अध्यापकाचा आसरा नव्हे. पुस्तक वाचून दाखवणाऱ्याला एकच वाट माहीत असली तरी भागते, प्रश्न विचारणाऱ्याला सगळा मुलूख पायाखालचा असावा लागतो.

तथापि संवादाच्या नावाखाली जे जे चालते ते सर्वच संवाद असते असे नाही, आणि याचेही उदाहरण शिर्डीनेच राखून ठेवले आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर १९१० मध्ये प्रथम शिर्डीस आले, त्याच दिवशी साठेवाड्यात त्यांची आणि कोपरगावची मामलेदारी केलेल्या बाळासाहेब भाट्यांची कडाक्याची जुंपली. गुरूची आवश्यकताच काय, माणसाने आपल्या पायांवर उभे राहावे, हा दाभोलकरांचा पक्ष. व्हायचे ते चुकत नाही, प्रारब्धापुढे कोणाची मात्रा चालत नाही, हा भाट्यांचा. प्रयत्न आणि प्रारब्ध हा तत्त्वज्ञानातील अस्सल प्रश्न. बोलणारे दोघेही बहुश्रुत, सरकारी कामात मुरलेले. परंतु बराच वेळ खडाजंगी होऊनही निष्पन्न काहीच झाले नाही, आणि मागे उरली ती मनाची अस्वस्थता. नंतर मशिदीत गेल्यावर बाबांनी काकासाहेब दीक्षितांना वाड्यात कसला वाद चालला होता ते विचारले, आणि दाभोलकरांकडे पाहून, हे हेमाडपंत काय म्हणाले, अशी गोड थट्टा केली. देवगिरीच्या यादवांचा तो प्रकांडपंडित मंत्री कोठे आणि मी कोठे, हे उमजून दाभोलकर मनात वरमले.

आपल्या न्यायशास्त्राने या फरकाला फार पूर्वीच नावे देऊन ठेवली आहेत. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे विचारविनिमयाचे, तीन प्रकार येतात: तत्त्व कळावे म्हणून प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे केला जातो तो वाद, जिंकण्यासाठी छलकपटाचाही आश्रय घेतला जातो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पाडण्यात धन्यता मानली जाते ती वितंडा. साठेवाड्यात वाद म्हणून जे सुरू झाले ते जल्पाकडे कधी झुकले हे बोलणाऱ्यांनाही कळले नसावे. वर्गातही हेच घडते. चार वाचाळ विद्यार्थी आपसात शब्दांची फैर झाडतात, उरलेले छप्पन्न मुकाट्याने पाहतात, आणि आज चर्चा रंगली म्हणून सर्वजण संतोष मानतात. यावर उताराही जुन्या ग्रंथकारांनीच सांगितलेला आहे, तो पूर्वपक्षाचा. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याने स्वतः मांडले असते त्याहूनही बळकट करून आधी मांडावे, आणि मगच त्यावर आक्षेप घ्यावा, ही शिस्त ज्या वर्गात पाळली जाते तेथे जल्पाला थारा मिळत नाही. कारण दुसऱ्याचे मत इतक्या काळजीने उभारताना त्यात काही तथ्य आहे की काय, अशी शंका येऊ लागते, आणि विचाराची सुरुवात तेथेच होते. याच कारणाने विद्यार्थ्यांना निबंधाऐवजी कधी दोन पात्रांचा संवाद लिहावयास सांगावा. ज्याला आपल्या विरोधकाच्या तोंडी मूर्खपणाच घालता येतो त्याला प्रश्न कळलेला नाही, हे परीक्षकाला एका पानातच समजते.

ज्या विद्यापीठाशी शिर्डीच्या आसपासची महाविद्यालये संलग्न आहेत ते पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, आणि त्याच पुण्यात १९८३ मध्ये, विद्यार्थ्यांचा नव्हे तर आचार्यांचाच, असा एक वर्ग भरला की ज्याची आठवण अध्यापकांनी वारंवार ठेवावी. राजस्थानचे दयाकृष्ण आणि आपले मे. पुं. रेगे यांनी पुढाकार घेऊन एका बाजूला न्यायशास्त्राचे परंपरागत पंडित आणि दुसऱ्या बाजूला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात वाढलेले प्राध्यापक यांना एकत्र बसवले, आणि बर्ट्रांड रसेलने केलेला विधानाच्या स्वरूपाचा विचार पंडितांपुढे ठेवला. वाक्य मराठीत असो वा इंग्रजीत, बोलणारा कोणीही असो, त्या सर्वांहून वेगळी अशी, खरी किंवा खोटी ठरू शकणारी ‘विधान’ नावाची काही वस्तू असते काय? नैयायिकांच्या शास्त्रात सत्यता राहते ती कोणाच्या तरी ज्ञानात, आणि त्या ज्ञानाची घडण ते विशेष्य आणि प्रकार या भाषेत सांगतात. ज्ञात्यापासून सुटे झालेले विधान त्यांच्या पदार्थांच्या यादीत कोठे नोंदवावे हाच मुळी प्रश्न. येथे भाषांतर पुरेसे होत नाही. प्रत्येक पक्षाला आपलेच पारिभाषिक शब्द दुसऱ्याच्या दृष्टीने पुन्हा तपासून पाहावे लागतात. या चर्चेतून आलेला ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे नावच ‘संवाद’. पंडित म्हणजे जुन्या पोथ्यांचा जिवंत दप्तरखाना, अशी जी आधुनिक विद्वानांची समजूत होती ती बाजूला ठेवून, आजच्या प्रश्नावर विचार करणारा समकालीन म्हणून त्याला विचारावे, हे त्या प्रयोगाचे मर्म होते. ज्याच्याकडून माहिती घ्यावयाची त्याला आपण प्रश्न विचारतो. ज्याच्याबरोबर विचार करावयाचा त्याला परिप्रश्न.

म्हणजे ‘परि’ या उपसर्गाचा हिशेब थोडाबहुत लागला म्हणावयाचा. संस्कृतात तो सभोवार, चोहोंकडून, असा अर्थ देतो. परिप्रश्न म्हणजे वस्तूला चारी बाजूंनी वळसा घालून विचारलेला प्रश्न, आणि त्या चार बाजूंत विचारणाराची स्वतःची बाजूही येते. श्लोकातील क्रमही मोठा बोलका आहे. अलीकडे प्रणिपात, पलीकडे सेवा, आणि मधोमध प्रश्न. नम्रता नसेल तर प्रश्नाचा जल्प होतो, हे साठेवाड्याने दाखवले. पण प्रश्न गाळून नुसता नमस्कार आणि नुसती सेवा उरली, तर तो श्लोक अर्धाही राहत नाही. शिर्डीच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या भाविकाला आणि वर्गात निमूटपणे मुद्दे उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला, दोघांनाही ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

एक शंका मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मशिदीत विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक होते, सॉक्रेटिसालाही कर्णाची युक्ती ठाऊक होती, आणि ज्याचे उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात आहे तो प्रश्न कितपत मोकळा, असे कोणीही म्हणू शकेल. विद्यापीठातील अध्यापकाला गुरुपदाचा अधिकार नाही, तेव्हा त्याने याहून एक पाऊल पुढे जावे हे उचित. विद्यार्थ्याच्या उत्तराने आपलेही मत बदलू शकेल, एवढी जोखीम पत्करून त्याने वर्गात पाऊल टाकावे. ती जोखीम खरी आहे की नाटकी, हे मुलांना फार लवकर कळते.

साठेवाड्यात त्या दिवशी तावातावाने भांडलेल्या दाभोलकरांनी थट्टेत मिळालेले नाव टाकून दिले नाही. तेच नाव धारण करून त्यांनी साईसच्चरित लिहिले, आपल्या वादाची हकीकत दुसऱ्याच अध्यायात, स्वतःची बाजू सावरून न घेता, नोंदवून ठेवली, आणि पुढे त्याच लेखणीने नानासाहेबांच्या त्या शब्दाशब्दाच्या झडतीचा वृत्तांत लिहिला. जो वाद आपण जिंकला नाही, त्यातून मिळालेल्या नावाने सही करण्याइतका ज्याला तो वाद पुढे समजला, त्याला परिप्रश्नाचा पाठ मिळाला होता.